रत्नागिरीकडे पावसात वर्गाच्या खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात. अशा वेळी फ्लूची साथ आली तर शाळेने काय करावे?

शाळेला सुट्टी देण्यापेक्षा तापाच्या मुलांना घरी ठेवणे आणि वाऱ्याच्या आडोशाकडील खिडक्या उघड्या ठेवणे अधिक उपयोगी ठरते. कोकणात पावसाची झड बहुधा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येते. त्यामुळे पूर्वेकडील खिडक्या आणि पडवीकडचे दार उघडे ठेवले, तर वह्या न भिजताही हवा खेळती राहते. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण 5 ते 7 दिवस संसर्ग पसरवू शकतो, म्हणून केवळ खोकणाऱ्या मुलाला मागच्या बाकावर बसवून काही साधत नाही. तापाचे औषध न देता 24 तास ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत घ्यावे. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलेले मूल मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा तापते, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. भिजलेला मास्क निरुपयोगी असतो, तो बदलावाच लागतो. एकाच वर्गात अनेक मुले आजारी पडल्यास मुख्याध्यापकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. मात्र हा 24 तासांचा नियम गोवराला लागू नाही. त्यात पुरळ उठल्यापासून किमान 4 दिवस मुलाला घरी ठेवावे लागते.