साठीत व्हॅन घेऊन युरोपात जावं का?

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईची. यंदा हे निवृत्त झाले. म्युनिकला कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायची आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया असे सहा देश तीन आठवड्यांत करायचे, असं यांच्या मनात आहे. नातेवाईक म्हणतात, या वयात कशाला ही उठाठेव? मला जायचंय, पण व्हॅनमधल्या संसाराची धास्ती वाटते. काय करू?

उत्तर : जा, ताई. आम्ही दोघं लातूरहून असेच गेलो होतो, म्हणून ठामपणे सांगते. फक्त सहा देश नकोत. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया एवढे तीन घ्या आणि एका जागी निदान दोन-तीन रात्री राहा. व्हॅनमागे रोज घरकाम असतं. रोज मुक्काम हलवला तर सगळा दिवस सामान बांधण्यात आणि जागा शोधण्यात जातो.

धास्ती पाण्याची असेल, तर ती सोडा. टाकीत साधारण शंभर लिटर पाणी मावतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आम्ही लातूरकरांनी पुरवून वापरलंय, आणि तुम्हालाही उन्हाळे नवीन नाहीत. आधी भांडी कागदाने पुसायची, मग थोड्या पाण्यात विसळायची. सांडपाणी वेगळ्या टाकीत साठतं, ते ठरलेल्या जागीच सोडायचं. संडासाची टाकी बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढतात, कॅम्पसाइटवर रिकामी करतात, धुतात आणि औषध घालून परत बसवतात. दोघांना ती दोन-तीन दिवसांत भरते. हे काम पहिल्या दिवसापासून आळीपाळीने करा. ते एकाच्याच गळ्यात पडलं की सहलीचा विचका होतो, हे मी आजूबाजूच्या जोडप्यांत पाहिलंय.

स्वयंपाकाला दोन शेगड्या असतात. लहान कुकर आणि येसर, म्हणजे आमटीचं मसालापीठ, नक्की न्या. थंडीत दहा मिनिटांत आमटी होते. तूप, पेढे, खवा मात्र घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा भाजी-दूध शनिवारीच भरा.

मार्ग असा सुचवते : म्युनिक, साल्झबुर्गजवळची तळी, मग ऑस्ट्रियातलाच ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता, तिथून स्लोव्हेनियातलं ब्लेड गाव. हा घाट १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटरमध्ये ३६ वळणं, वेगळा टोल, आणि हिवाळ्यात बंद. आपल्या कन्नडच्या घाटातले ड्रायव्हर सांगतात तेच इथे करा : ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा ब्रेक दाबून भरलेली व्हॅन उतरवली तर ब्रेक तापतात. ब्लेडच्या तळ्याभोवती सहा किलोमीटरची सपाट वाट आहे, दोघं सावकाश चाला. गुडघे दुखत असतील तर मधे बाकंही आहेत.

ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या महामार्गांसाठी विन्येट म्हणजे मुदतीचा पास लागतो. परतीच्या वाटेवरचा कारावांकन बोगदा आणि टाउएर्न महामार्ग त्यात येत नाहीत, तिथे निराळे पैसे भरावे लागतात. स्लोव्हेनियात ठरलेल्या जागेबाहेर व्हॅनमध्ये रात्र काढायला बंदी आहे. दिसली मोकळी जागा की लावली गाडी, असं तिथे चालत नाही.

तुम्ही स्वतः गाडी चालवता का, हे लिहिलं नाहीत. परवाना असेल तर दुसरी चालक म्हणून तुमचंही नाव करारात घालून घ्या. तुमच्या यजमानांच्या एकट्याच्या पाठीवर एवढा रस्ता टाकू नका. साडेतीन टनांच्या आतली व्हॅन घ्या, ती साध्या कारच्या परवान्यावर चालते. आंतरराष्ट्रीय परवाना तुमच्या अंबाजोगाईच्या आरटीओतूनच काढा. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवानाही जवळ हवाच.

व्हिसाचा अर्ज भरण्याआधी कुठल्या देशात किती रात्री राहणार, ते कागदावर मांडा. विमान म्युनिकला उतरत असलं, तरी सर्वांत जास्त रात्री ऑस्ट्रियात असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो घेतात. तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आणि दोघांच्या पासपोर्टची मुदत आजच बघा. परतीनंतर निदान तीन महिने ती शिल्लक असायला हवी.