घरी पिल्लं काढायची आहेत, सुरुवात कोणत्या माशापासून करू?

गप्पी घ्या. अंडी सांभाळायची कटकट नाही, मादी साधारण चार आठवड्यांनी थेट पोहणारी पिल्लं देते. बोअरचं जड पाणीही त्यांना मानवतं. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर तो एकीलाच पिटाळून दमवतो.

दुकानातली मोठी मादी बहुतेक वेळा आधीच गाभण असते, शिवाय नराचं बीज ती महिनोन् महिने साठवते. म्हणून ठरावीक रंग हवा असेल तर नरांपासून लहानपणीच वेगळ्या केलेल्या माद्या मागून घ्या. पोट चौकोनी दिसू लागलं, पोटाच्या मागच्या टोकाचा डाग काळपट झाला की टाकीत लपायला भरपूर जावा मॉस (पाण्यातली शेवाळासारखी वनस्पती) सोडा; नाहीतर पिल्लांना आईच खाते.

फायटर मासा सध्या नकोच. त्याच्या प्रत्येक नर पिल्लाला पुढे वेगळी बरणी लागते.