वाचक विचारतात : इंजिनियर माणूस एअरफोर्समधे किती वर जातो?

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चष्म्यामुळे पायलट होणं जमणार नाही असं दिसतंय, म्हणून आता एअरफोर्सच्या टेक्निकल ब्रँचचं डोक्यात घेतलंय. पण आमचे मोठे दीर म्हणतात की तिथे जाऊन गॅरेज सांभाळायचं, मोठे हुद्दे सगळे पायलट लोकांना. खरंच असं असतं का? – एक आई, सोलापूर

ताई, दीरांचं अर्धं खरंय, ते आधीच सांगून टाकतो. हवाईदलाचे आजवरचे सगळे भारतीय चीफ फ्लाइंग ब्रँचमधूनच आलेत आणि हे लवकर बदलेल असं मला तरी वाटत नाही. त्यामुळे मुलाचं स्वप्न चीफ व्हायचंच असेल तर हा रस्ता तिकडे जात नाही. पण त्याच्या एकच पायरी खाली एअर मार्शल हा हुद्दा आहे, तीन स्टारचा, तिथपर्यंत इंजिनियर पोचतात. आणि त्यातलं एक मोठं पद तर आपल्या महाराष्ट्रातच आहे, नागपूरला, मेंटेनन्स कमांडच्या प्रमुखाचं. देशभरातले बेस रिपेअर डेपो, स्पेअर पार्टचे डेपो सगळे त्या कमांडखाली येतात. नाशिकजवळ ओझरला ११ बीआरडी, म्हणजे ११ नंबरचा बेस रिपेअर डेपो आहे ना, जिथे मिग-२९ आणि सुखोई पार नटबोल्टपर्यंत सोडवून पुन्हा उभी करतात, ते पण त्यातलंच. (ओझरचं एचएएल वेगळं बरं का, लोक कायम दोन्हीत गल्लत करतात. एचएएल ही विमानं बनवणारी सरकारी कंपनी, बीआरडी हे हवाईदलाचं स्वतःचं.)

आता गॅरेजचं. दीरांना हरजिंदर सिंग यांच्याबद्दल सांगा.

हा माणूस लाहोरच्या मॅक्लागन इंजिनियरिंग कॉलेजचा. तेव्हाच्या काळात इंजिनियर म्हणजे सरकारी बंगला, नोकरचाकर असलं आयुष्य समोर ठेवलेलं, आणि हे गृहस्थ ते सोडून हवाई शिपाई म्हणून भरती झाले, साधे शिपाई! ऑफिसर वगैरे काही नाही. ८ ऑक्टोबर १९३२ ला इंडियन एअरफोर्स कागदावर आलं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, विमानं किती तर चार वापिती. इंग्लंडहून ट्रेनिंग घेऊन आलेले पाच भारतीय पायलट आणि खाली मूठभर हवाई शिपाई. इंग्रजांना बघायचंच होतं की नेटिव्ह लोकांना विमान सांभाळता येतं का, आणि माझं मत विचाराल तर त्या परीक्षेत पायलट जितके बसले होते तितकेच हे पाना-पकडवाले बसले होते, कारण उडवणारा कितीही भारी असला तरी इंजिनच चालू झालं नाही तर तो काय करणार.

पुढे १९४२ चा फेब्रुवारी, ब्रह्मदेश. जपानी पुढे सरकत होते आणि आपली १ नंबर स्क्वाड्रन टाउंगूला पोचली ती लायसँडर विमानं घेऊन. लायसँडर हे मुळात टेहळणीचं, लष्कराला मदत करणारं, हळू चालीचं विमान, त्याच्याकडून बॉम्बिंगची कोणी अपेक्षा करत नाही. पोचल्या पोचल्या जपान्यांनी तळावर बॉम्ब टाकले. कमांडिंग ऑफिसर करुण कृष्ण मजुमदार, सगळे त्यांना जंबो म्हणायचे, ते गप्प बसणारे नव्हते, पण हल्ला करायचा तर बॉम्ब लटकवायचे कुठे? ते काम हरजिंदर आणि त्यांच्या टीमने केलं, जागेवर, हातात होतं त्या सामानात, प्रत्येक विमानाला २५० पौंडाचे दोन बॉम्ब घेता येतील अशी सोय केली आणि जंबोंनी थायलंडमधल्या जपानी तळावर जाऊन ते टाकले. गोष्ट सांगताना लोक पायलटचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे, पण बॉम्ब पंखाखाली आले कसे हे कोणी विचारत नाही.

हरजिंदर तोवर वॉरंट ऑफिसर झाले होते, नंतर कमिशन मिळालं, म्हणजे ऑफिसर झाले, आणि मग जे चढत गेले ते एअर व्हाइस मार्शलपर्यंत, मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. पण हुद्द्यापेक्षा मला त्यांचं कानपूर जास्त आवडतं. तिथल्या डेपोत त्यांनी १९५० च्या दशकात कानपूर-१ नावाचं छोटं विमान स्वतः डिझाइन करून बनवून घेतलं, आणि नंतर ब्रिटिश अ‍ॅव्हरो ७४८ चं लायसन घेऊन ते भारतात बनवायचं ठरलं तेव्हा ती जबाबदारी पण त्यांच्याच गळ्यात. रिपेअर डेपोच्या लोकांनी प्रवासी-मालवाहू विमान बनवायचं म्हणजे त्या वेळी लोक हसले असतील तर नवल नाही. १ नोव्हेंबर १९६१ ला पहिलं अ‍ॅव्हरो कानपूरला उडालं, नाव ठेवलं सुब्रोतो, आदल्याच वर्षी टोकियोत गेलेल्या एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जींच्या आठवणीत. १९३३ च्या त्या पाच पायलटांमधले एक तेच. आणि ही अ‍ॅव्हरो इतकी टिकली की बदली म्हणून ५६ सी-२९५ मालवाहू विमानांचा करार झाला तो थेट २०२१ मधे.

आता मुलाचं प्रॅक्टिकल बघू. इंजिनियरिंगची डिग्री ६० टक्क्यांनी, बारावीला फिजिक्स-मॅथ्समधे पन्नास-पन्नास, वय २० ते २६, मग एएफकॅट, म्हणजे हवाईदलाची ऑफिसरसाठीची प्रवेश परीक्षा, मग पाच दिवसांचा एसएसबी इंटरव्ह्यू आणि मेडिकल. चष्म्याची मर्यादा टेक्निकलला पण असते पण पायलटपेक्षा बरीच सैल, नंबर मोजून जाहिरातीशी ताडून बघा. ट्रेनिंग हैदराबादजवळ दुंडीगलला आणि मग बंगलोरला जलाहळ्ळीच्या टेक्निकल कॉलेजात. बेसिक ५६,१०० पासून. फ्लाइंग ऑफिसर म्हणून लागतो, दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहाला स्क्वाड्रन लीडर, तेराला विंग कमांडर, इथपर्यंत नीट काम केलं आणि परीक्षा दिल्या की जवळपास सगळे जातात. खरी गाळणी त्यानंतर. ग्रुप कॅप्टनला सिलेक्शन बोर्ड लागतो आणि तिथून वर जागा भराभर कमी होतात. एक मात्र फॉर्म भरायच्या आधीच ठरवा, पर्मनंट कमिशन (निवृत्तीपर्यंतची नोकरी) की शॉर्ट सर्व्हिस, कारण शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षं, वाढवून मिळाली तर अजून चार, आणि त्यात एअर मार्शलचा विषयच येत नाही.

प्रश्न : पायलट विमान घेऊन जातो, मग ग्राउंडवरच्या इंजिनियर ऑफिसरची नक्की जबाबदारी काय? टेक्निशियन तर काम करतातच ना. – एक विद्यार्थी, अकोला

करतात, आणि बऱ्याचदा ऑफिसरपेक्षा त्यांना जास्त कळतं, वीस वर्षं तेच इंजिन बघितलेला सार्जंट नव्या फ्लाइंग ऑफिसरला चार दिवसांत जमिनीवर आणतो. पण प्रत्येक विमानाचं एक रजिस्टर असतं, त्याला फॉर्म ७०० म्हणतात, त्यात काय बिघडलं, काय बदललं, कोणी तपासलं हे सगळं सहीनिशी. पायलट ते बघून सही करतो आणि मगच विमान ताब्यात घेतो. त्या कागदामागची सगळी सिस्टीम, माणसं, टूल, स्पेअर, उद्या सकाळी किती विमानं सर्व्हिसेबल, म्हणजे उडायला तयार पाहिजेत याचं गणित, हे इंजिनियर ऑफिसरचं. एखादा पाना सापडत नसेल तर तो विमानातच राहिला असेल या भीतीने तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, मग कमांडिंग ऑफिसर कितीही तापलेला असो.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स केलंय. या ब्रँचमधे मुलींना घेतात का, आणि घेतलं तर आयुष्यभर ग्राउंडवरच का? – एक वाचक, नाशिक

घेतात, बऱ्याच वर्षांपासून. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या शाखेला एई-एल म्हणतात, मेकॅनिकलवाल्यांच्या शाखेला एई-एम. आणि ग्राउंडवरच असं काही नाही, हिना जैस्वाल इंजिनियरिंग ब्रँचमधेच २०१५ ला कमिशन झाल्या आणि २०१९ मधे पहिल्या महिला फ्लाइट इंजिनियर झाल्या, म्हणजे उडत्या हेलिकॉप्टरमधे बसून सिस्टीम बघायच्या. तुमचं वय २६ च्या आत असेल तर पुढच्या एएफकॅटची जाहिरात आली की लगेच भरा, वर्षातून दोनदा निघते.