आधी साल विचारा, मग फोटो चिकटवा

‘ताई, लेक तेरा वर्षांची, हॅम्बुर्गच्या शाळेत शिकते. “विसाव्या शतकातला एक वीर” असा प्रकल्प जोडीने करायचाय. तिची जोडीदार एक अफगाण मैत्रीण. लेकीने वाचून वाचून अफगाण सेनानी अहमदशाह मसूद निवडला. दोघी मैत्रिणीच्या घरी पोस्टर करत बसल्या होत्या. तिच्या आईने तो फोटो पाहिला आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली, दुसरा कोणीतरी घेऊ या. आमचं काय चुकलं? ते लोक तर काबूलचेच आहेत.’

पत्र लांबलचक आहे. त्यात सासरे आहेत, मराठी शाळा आहे, विमा आहे. ते सगळं मागाहून. आधी पोस्टर.

‘काबूलचेच आहेत.’ अगं, काबूलचे म्हणजे कुठल्या भागातले? आणि निघाले कधी? नेहमीचे वाचक आता हसतील, कारण माझं हे टुमणं जुनं आहे. घरदार सोडून आलेल्या माणसाला गाव विचारा, पण त्याच्याही आधी साल विचारा. मंडळाच्या गणपतीत आपण दुसरं काय करतो? प्रसादाची वाटी हातात घेतली की पहिला प्रश्न, ‘तुम्ही कधी आलात?’ सत्तरच्या दशकात आलेल्या डॉक्टरांना थंडीतले एकटे दिवस आठवतात, परवा आयटीत आलेल्याला वर्क परमिटची काळजी असते. सालावरून आपण माणूस ओळखतो. मग अफगाण शेजाऱ्यांची वेळ आली की सगळे एकाच टोपलीत कसे?

आणि साल तर तुझ्याच पत्रात आहे! तिसऱ्या पानावर, सासऱ्यांच्या गुडघ्यांच्या आणि मराठी शाळेच्या मध्ये: ‘तिची आई लहान असताना ९३ च्या हिवाळ्यात पश्चिम काबूलहून निघाले म्हणे.’ लिहिलंस आणि पुढे गेलीस. बाई गं, उत्तर तिथेच होतं.

लेकीला शेजारी बसव आणि हे दोघी मिळून वाचा. मसूद १९५३ सालचा, पंजशीर खोऱ्यातला ताजिक. काबूलमध्ये फ्रेंच शाळेत शिकला, मग इंजिनिअरिंगला गेला. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी पंजशीरवर एकामागून एक मोहिमा काढल्या, पण खोरं कायमचं काही ताब्यात आलं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटच्या तुकड्या पूल ओलांडून परत गेल्या, तेव्हा पंजशीरचा सिंह हे नाव जगभर झालं होतं. तुझ्या लेकीने वाचलाय तो हा मसूद, आणि तो खोटा नाही.

पण एप्रिल १९९२ मध्ये सोव्हिएतांनी उभं केलेलं नजीबुल्लाचं सरकार पडलं आणि त्याच्याशी लढणारे सगळे विजयी गट काबूलमध्ये घुसले. रब्बानी अध्यक्ष, मसूद संरक्षणमंत्री. त्यांच्यातल्याच एका गटाचा नेता हिकमतयार दक्षिणेकडून शहरावर रॉकेटं टाकत होता. काही काळ तर हा गृहस्थ कागदोपत्री त्याच राजधानीचा पंतप्रधान होता! पश्चिम काबूल हजारा जमातीचं. हे शिया, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेलेले लोक. त्यांचा नेता मजारी, त्याच्या बाजूचा गट वहदत. त्याविरुद्ध मसूदचं सैन्य आणि सय्यफ नावाच्या दुसऱ्या एका नेत्याचा गट एक झाले. फेब्रुवारी १९९३ मध्ये अफशार या वस्तीवर हल्ला झाला. घराघरांत शिरून माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाले, कित्येक पुरुष नेले ते परतलेच नाहीत. सय्यफच्या माणसांनी सगळ्यांत जास्त अमानुषपणा केला असं मानवाधिकारवाले सांगतात, पण मोहीम मसूदची होती. वहदतवाल्यांचे हातही स्वच्छ नव्हते, त्यांनीही लोक पळवले, छळले.

आता ते साल आणि ती वस्ती पुन्हा वाच. ती बाई हजारा आहे असं मी इथून ठामपणे सांगणार नाही, तेवढा शहाणपणा आहे मला. पण त्या हिवाळ्यात त्या भागातून निघालेल्या बाईच्या जेवणाच्या टेबलावर मुली मसूदचा फोटो कापत होत्या. ती पोरांना ओरडली नाही, आत गेली. मला तर तिचं कौतुक वाटतं.

१९८४ ला पंजशीरहून निघालेल्या कुटुंबाच्या बैठकीत हाच फोटो चौकटीत लावलेला असेल. दोन्ही घरं अफगाण, दोन्ही मुसलमान, कदाचित हॅम्बुर्गात एकाच बसने जाणारी.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझा मामा कुवेतला सालमियात हिशेबनीस होता. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे आले. पुढे वाळवंटातून जॉर्डन गाठून अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने तो मुंबईत उतरला. तसे लाखाहून जास्त भारतीय त्या वेळी आणले गेले. आयुष्यभर सद्दामचं नाव काढलं की मामा ताटावरून उठायचा. त्याच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक पॅलेस्टिनी गृहस्थ होते, फार जीव होता दोघांचा. अराफतने सद्दामची बाजू घेतली, आणि १९९१ मध्ये कुवेत सुटल्यावर तिथल्या लाखो पॅलेस्टिनींवर देश सोडायची वेळ आली. या गृहस्थांनी कोणाचं काय बिघडवलं होतं? तेही अम्मानलाच गेले. मामा पुढे त्यांना भेटायला गेला, तर भिंतीवर सद्दामचा फोटो. मामी सांगायची, मामा त्या फोटोकडे पाठ करून बसला आणि दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले. जेवला मात्र, उठला नाही.

म्हणून तू काय कर. पोस्टर फाडू नका. तू एकटी जा, मुलींना नेऊ नकोस, रिकाम्या हाताने तर अजिबात नको. चहा घे. ‘तुम्ही ९३ ला निघालात ना?’ एवढंच विचार आणि गप्प बस. बोलली तर ऐक. विषय बदलला तर तूही बदल, पुन्हा काढू नकोस. माफी मागत बसू नकोस, उगाच तिलाच तुझी समजूत काढावी लागेल.

तिची हरकत नसेल तर मुलींनी मसूदच ठेवावा, पण पूर्ण: पंजशीर, अफशार, मग १९९६ नंतर तालिबानपुढे जवळजवळ एकट्याने टिकणं, एप्रिल २००१ मध्ये स्ट्रासबुर्गला युरोपीय संसदेत जाणं, आणि ९ सप्टेंबरला पत्रकार बनून आलेल्या दोघांनी घडवलेला स्फोट, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या दोन दिवस आधी. वर ‘वीर’ असं लिहायचं की प्रश्नचिन्ह टाकायचं ते मुली ठरवतील. तिची हरकत असेल तर सीमा समर घ्या. या हजारा डॉक्टर, क्वेट्ट्यात निर्वासित बायकांसाठी दवाखाना काढला, पुढे मंत्री झाल्या, मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. शिक्षिकेला सांगायचं की विषय बदललाय. का बदलला ते वर्गात सांगू नका, तो त्या घराचा मामला आहे.

सासरे. ‘अहमदशहा? पानिपतवाला? त्याचं चित्र आमच्या घरात?’ हसू आलं, पण त्यांचंही दुःख १४ जानेवारी १७६१ चं आहे, साल तर त्यांनी बरोबर सांगितलं. त्यांना म्हण, बाबा, अब्दाली कंदाहारचा पश्तून, हा पंजशीरचा ताजिक, मध्ये दोनशेहून अधिक वर्षं. आणि पानिपतावर आपला तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता, तो कोणत्या टोपलीत टाकायचा? एवढ्याने नाही ऐकलं, तर मसूदच्या लोकांसाठी भारताने ताजिकिस्तानात फारखोरला इस्पितळ चालवलं होतं ते सांग. यापुढे चहा आणि बातम्या.

मराठी शाळा: पाठव. कुरकुर करू दे, सगळ्यांची मुलं करतात.

विम्याबद्दल: सासऱ्यांचा गुडघा आधीपासूनचा आहे असं फॉर्मवर स्पष्ट लिही. बाकी एजंटला विचार, मला त्यातलं काही कळत नाही.