वाचकांचे प्रश्न : रोलर कोस्टर निवडताना उंची पाहावी की घरातली माणसे?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातली सहा माणसे थीम पार्कला जाण्याचे ठरवीत आहोत. खोपोलीचे इमॅजिका की हैदराबादचे वंडरला, यावर घरात रोज चर्चा होते. तेरा वर्षांच्या मुलाचा हट्ट असा, की ज्या पार्कचा रोलर कोस्टर जास्त उंच, तेथेच जायचे. धाकटी मुलगी नऊ वर्षांची असून तिची उंची १२२ सेंटीमीटर आहे. सासूबाई ६७ वर्षांच्या असून रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. मला स्वतःला घाटात गाडी लागते. यजमान आणि कॉलेजात जाणारी भाची यांची कशालाच ना नाही. आमच्यासारख्या कुटुंबाने रोलर कोस्टरची तुलना कशावरून करावी? — एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : आपण आपल्या पत्रात प्रत्येकाचे वय, मुलीची उंची आणि स्वतःची अडचण लिहिली, ही तुलनेची खरी सुरुवात आहे. जाहिरातीत उंची आणि वेग हे दोनच आकडे ठळक छापलेले असतात, आणि तेरा वर्षांच्या मुलाने त्यावरून मत बनवावे यात गैर काही नाही. परंतु सहा माणसांचा दिवस कसा जाईल, हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही.

प्रथम उंचीचे पाहू. नेहमीच्या रोलर कोस्टरला इंजिन नसते. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि तेथून पुढचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणावर होतो. त्यामुळे वेग ठरतो तो किती खोल उतरलो यावरून. गाडीत किती जाड माणसे बसली आहेत याने त्यात फारसा फरक पडत नाही. सुमारे ४० मीटर उतरल्यावर घर्षण वजा न करता वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो, तर २० मीटर उतरल्यावर तो ७० च्या थोडा वर असतो. उंची निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होत नाही, हे आपल्या चिरंजीवांना कागदावर मांडून दाखवता येईल. शिवाय ताशी १०० किलोमीटर हा वेग पुणे महामार्गावर आपण मोटारीत बसून, गप्पा मारीत अनुभवतोच. पोटात गोळा येतो तो वेगामुळे नसून वेग आणि दिशा झपाट्याने बदलल्यामुळे. अमेरिकेत कोनी आयलंड येथे १८८४ मध्ये थॉम्पसन यांनी जी पहिली गाजलेली घसरगाडी सुरू केली, ती जेमतेम १५ मीटर उंच होती आणि ताशी दहाएक किलोमीटरने धावत असे. तरीही तिच्यासाठी माणसे रांगा लावत होती.

आता आपल्या दोन ठिकाणांविषयी. सोलापूरकरांची गंमत अशी, की राष्ट्रीय महामार्ग ६५ वर पश्चिमेला वळले काय किंवा पूर्वेला वळले काय, अंतर जवळपास सारखेच पडते : खोपोली साधारण सव्वातीनशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशेच्या आसपास. वंडरलाला जाताना पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागले, की शहरात न शिरता थेट दक्षिणेकडच्या रविर्यालापर्यंत पोहोचता येते. म्हणजे अंतर हा मुद्दा आपण बाजूला ठेवू शकतो.

इमॅजिकामध्ये तीन वेगवेगळ्या स्वभावांचे कोस्टर आहेत आणि ही त्या पार्कची मोठी जमेची बाजू आहे. ‘नायट्रो’ हा सर्वांत मोठा, सुमारे ४० मीटर उंचीचा आणि पाच वेळा उलटे करणारा. तो फ्लोअरलेस प्रकारचा आहे. गाडी सुटण्याआधी पायाखालची फळी बाजूला होते आणि पुढे पाय मोकळे लोंबकळत राहतात. ‘डीप स्पेस’ छताखाली, अंधारात धावतो. ‘गोल्ड रश एक्सप्रेस’ हा खाणीतल्या गाडीच्या कल्पनेवर बेतलेला कौटुंबिक कोस्टर आहे. त्यात वळणे आणि चढउतार भरपूर असले तरी माणूस उलटा होत नाही. वंडरला हैदराबादचा मुख्य कोस्टर ‘रिकॉइल’ हा बूमरँग पद्धतीचा आहे. ती गाडी आधी मागच्या बाजूने वर ओढली जाते, सुटते, तीन गिरक्या घेते, समोरच्या चढावर जाते आणि तेथून त्याच तीन गिरक्या उलट्या दिशेने घेत परत येते. मार्ग लहान, वेगही नायट्रोपेक्षा कमी. पण दुसऱ्या अर्ध्या प्रवासात आपण कोठे चाललो आहोत हे डोळ्यांना दिसतच नाही.

आपल्याला घाटात गाडी लागते, म्हणून हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. मळमळ होते ती डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरेच सांगतो म्हणून. समोरचा रूळ दिसत असेल तर शरीर येणाऱ्या वळणाची तयारी करते. मागे जाताना किंवा अंधारात ती सोय नसते. म्हणून आकड्यांनी लहान असलेले रिकॉइल आणि डीप स्पेस आपल्याला उंच, उघड्यावरच्या कोस्टरपेक्षा जास्त त्रास देण्याची शक्यता आहे. आपण गोल्ड रशमध्ये मधल्या डब्यात बसावे, डोके आसनाला टेकवून नजर पुढच्या रुळावर ठेवावी, आणि पोट रिकामेही नसावे व भरलेलेही नसावे. खोपोलीला जायचे तर बोरघाट उतरूनच जावे लागते, तेव्हा पोहोचल्यावर अर्धा तास सावलीत बसल्याशिवाय कोणत्याही रांगेत उभे राहू नये.

धाकटीच्या उंचीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पालकांचे सर्वाधिक वाद याच ठिकाणी होतात. उलटे करणाऱ्या मोठ्या कोस्टरना साधारणपणे १३० ते १४० सेंटीमीटरच्या पुढची उंची लागते. कौटुंबिक कोस्टरना १०० ते १२० च्या दरम्यान, आणि पुष्कळदा सोबत मोठे माणूस. म्हणजे आपल्या मुलीला या वर्षी मोठे कोस्टर मिळणार नाहीत, हे घरीच, शांतपणे सांगून टाकावे. माझी मुलगी आठ वर्षांची असताना एका पार्कमध्ये उंचीच्या पट्टीखाली ती दोन बोटे कमी भरली. तीन तास प्रवास करून आलो होतो. मी कर्मचाऱ्याशी हुज्जत घातली. त्याने आवाज चढवला नाही. रांगेच्या तोंडाशी नमुन्याची एक खुर्ची ठेवलेली होती, तिच्यात त्याने मुलीला बसवले आणि खांद्यावरून येणारे कवच खाली ओढून पक्के केले. मग मला म्हणाला, “साहेब, आता तुमचा हात घाला.” तिचा खांदा आणि कवच यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ गेली. ती पट्टी मुलाच्या धिटाईची परीक्षा घेत नाही. ते कवच ज्या मापाच्या शरीरासाठी केले आहे, ते माप सांगते. जाड तळव्याचे बूट घालून किंवा टाचा उचलून पट्टी पार करणारे पालक पाहिले, की आजही माझा जीव खालीवर होतो.

सासूबाईंना रक्तदाब असल्याने कोणत्याही कोस्टरमध्ये बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हृदयविकार, मानेचे वा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण यांनाही हेच लागू आहे; प्रत्येक मोठ्या राईडच्या तोंडाशी तशी पाटी असते, ती सर्वांनी वाचावी. सासूबाईंसाठी बसण्याची, सावलीची आणि संथ राईड्सची सोय हा निकष कोस्टरइतकाच वजनदार मानावा.

हे सर्व पाहता आपल्या कुटुंबासाठी मी खोपोली सुचवीन. मुलगा आणि भाची नायट्रोला जातील (मुलाची उंची मात्र निघण्यापूर्वी भिंतीला उभे करून मोजा), आपण आणि धाकटी गोल्ड रशला, आणि सासूबाईंना छताखालच्या संथ राईड्स मिळतील. वंडरलाच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगण्यासारखी आहे : तेथे पाण्याच्या आणि कोरड्या राईड्स एकाच तिकिटात येतात, तर इमॅजिकाच्या वॉटर पार्कचे तिकीट वेगळे असते. मुलांचा ओढा पाण्याकडे अधिक असेल, तर माझी शिफारस बदलेल.

प्रश्न : सिद्धेश्वरांच्या यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, मी दरवर्षी नातवंडांना ड्रॅगनच्या गाडीत बसवतो. पार्कमधला रोलर कोस्टर म्हणजे त्याचेच मोठे रूप समजावे काय? — एक निवृत्त शिक्षक, बाळीवेस

उत्तर : दिसण्यात साम्य असले तरी दोघांची चाल वेगळी आहे. ड्रॅगनच्या गाडीला मोटर असते. ती गाडीला सतत ढकलत राहते, त्यामुळे वेग सारखा आणि चालकाच्या हातात राहतो. बटण बंद केले की गाडी थांबते. लहान मुलांच्या दृष्टीने हा गुणच आहे. मोठा कोस्टर एकदा चढावरून सुटला, की मधल्या उतारावर त्याला कोणी आवरीत नाही, म्हणून त्याची सुरक्षितता रुळात आणि चाकांत आधीच बांधून ठेवावी लागते. त्याच्या प्रत्येक चाकसंचात एक चाक रुळावर, एक बाजूने आणि एक रुळाच्या खालून धरलेले असते. खालचे चाक असल्यामुळेच गाडी उंचवट्यावर रूळ सोडून उडत नाही.

सोलापूर हे रेल्वे विभागाचे ठिकाण, तेव्हा दुसरी व्यवस्था आपल्या वाचकांना सहज समजेल. रेल्वेमार्गावर एका ब्लॉकमध्ये, म्हणजे मार्गाच्या एका ठरलेल्या टप्प्यात, एका वेळी एकच गाडी, हा जो नियम, तोच कोस्टरवरही असतो. पुढचा टप्पा मोकळा झाल्याचा संकेत मिळाला नाही, तर मागची गाडी चढावर किंवा ब्रेकवर आपोआप थांबून राहते. गाडी अशी मध्येच थांबली की लोक घाबरून ओरडू लागतात. वस्तुतः व्यवस्था आपले काम करीत असते. चढताना जो टक टक आवाज येतो, तो साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्टीचा असतो.

यात्रेतील पाळणे काही दिवसांसाठी उभारलेले असतात, म्हणून तेथे आजोबांनी स्वतः दोन मिनिटे उभे राहून पाहणे योग्य. सांगाड्याखालच्या लाकडी ठोकळ्यांवर पाळणा चालू असताना हालचाल दिसते काय, प्रत्येक डब्याच्या दांड्याला खिळ आणि खिळीला सुटू न देणारी पिन आहे काय, आणि सुटण्यापूर्वी माणूस प्रत्येक डब्याचा दांडा हाताने ओढून पाहतो काय, एवढे पाहावे. तो न पाहताच बटण दाबत असेल, तर नातवंडांचा हात धरून पुढच्या पाळण्याकडे चालू लागावे.

प्रश्न : लूपमध्ये उलटे असताना पट्टा नसेल तर माणूस खाली पडेल काय? आणि पहिल्या डब्यात बसावे की शेवटच्या? — अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, सात रस्ता

उत्तर : चांगल्या रीतीने आखलेल्या उभ्या लूपमध्ये पूर्ण वेगाने जाताना माथ्यावरही माणूस आसनातच दाबलेला राहतो. कवच हवे ते गाडी संथ पडली किंवा थांबली तर, आणि जेथे आडवे फिरवतात त्या गिरक्यांसाठी. म्हणून ते अपरिहार्यच आहे.

लूपच्या आकाराची कथा आपल्या अभ्यासक्रमाला जोडून वाचण्यासारखी आहे. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरच्या ‘फ्लिप फ्लॅप’ गाडीचा लूप अचूक वर्तुळाकार होता, आणि बसणाऱ्यांच्या माना दुखावू लागल्या. कारण गणिताने काढता येते. वर्तुळाच्या माथ्यावर माणूस जेमतेम टिकून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी त्याला स्वतःच्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो, आणि त्रिज्या कितीही घेतली तरी हा आकडा बदलत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आणि अभिकेंद्री बलाचे सूत्र घेऊन हे स्वतः करून पाहा. पाच ओळींचे काम आहे. आज रूढ असलेला उपाय आला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ कोस्टरवर. अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी लूपला पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला : खाली, जेथे वेग जास्त, तेथे त्रिज्या मोठी, माथ्यावर, जेथे वेग कमी, तेथे लहान. खोपोलीला गेलात तर नायट्रोचा लूप बाजूने, थोडे लांब उभे राहून पाहा. तो गोल नाही, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते.

डब्याविषयी : पहिल्या डब्यातून समोर मोकळे दिसते, पण तो माथ्यावरून पलीकडे झुकतो तेव्हा मागची गाडी अजून चढावरच असते, म्हणून तो तेथे क्षणभर रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढचे सगळे डबे उताराला लागलेले असतात आणि ते त्याला खेचून नेतात. आसनावरून उचलले गेल्यासारखे वाटते ते तेथेच. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना चाके आणि वंगण थंड असल्याने गाडी किंचित संथ असते, दुपारी ती अधिक मोकळी धावते. दोन फेऱ्या मिळणार असतील, तर सकाळची पुढून आणि दुपारची मागून घ्यावी.