हिवाळ्यात अंगणातल्या तळ्यातले गोल्डफिश घरात आणावेत का?

न्यू जर्सीत घर घेतलंय, मागच्या अंगणात आधीच्या मालकांचं तळं आहे, त्यात गोल्डफिश आहेत. थंडीत ते घरात आणायचे की तळ्याला हीटर लावायचा, आणि लावायचा तर कोणता, असं विचारलंय तुम्ही.

घरात आणू नका. खरं तर एवढंच लिहून थांबायला हवं होतं. पण हाच वाद आमच्याकडे दर हिवाळ्यात रंगतो आणि समोरची पार्टी म्हणजे माझे साडू, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही दोघंही शिकागोच्या उपनगरात राहतो. साडूंचं म्हणणं असं की मुक्या जिवाला बर्फाखाली ठेवणं म्हणजे क्रूरपणा. ऐकायला छान वाटतं. माझ्या बायकोला पटतं, सासूबाईंना तर फारच. मग दिवाळीच्या सुमारास हे गृहस्थ जाळं घेऊन सगळे मासे पकडतात आणि बेसमेंटमधल्या प्लास्टिकच्या टबात आणून सोडतात. वीत-वीतभर मासे, टब एवढासा, फिल्टर नावापुरता. घरातल्या उबेत मासे जागे राहतात, खातात, घाण करतात आणि पाण्यात अमोनिया चढतो. दोन-चार दगावले की साडूंचं निदान ठरलेलं: "त्यांना करमत नव्हतं."

अहो, गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, थंड पाण्यातलाच मासा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, त्यामुळे वर बर्फ धरला तरी तळाशी ते साधारण तेवढंच राहतं, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. साडू तर इंजिनिअर आहेत.

आता ३० जानेवारी २०१९ ची गोष्ट. त्या सकाळी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरेनहाइटची नोंद झाली, म्हणजे उणे ३० सेल्सिअसच्याही खाली. शाळा बंद, रस्ते ओस. साडूंच्या घरची हीटिंग नेमकी तेव्हाच बसली, म्हणून सगळं कुटुंब आमच्याकडे मुक्कामाला. साडू चहा घेऊन काचेच्या दाराशी उभे. बाहेर तळं कडक गोठलेलं, फक्त तरंगत्या डी-आयसरने, म्हणजे बर्फ धरू न देणाऱ्या छोट्या हीटरने, राखलेलं परातीएवढं भोक उघडं. त्यातून वाफा निघत होत्या आणि त्याच कडेला गोठून भोकाभोवती पांढरी झालर झाली होती.

"गेले असणार सगळे. हातोडा कुठाय तुझा? निदान बर्फ तरी फोडू."

हातोडा दिला नाही. बर्फावर घाव घातला की त्याचा हादरा पाण्यातून थेट माशांना बसतो. मग त्यांनी किटली लावली, उकळतं पाणी ओतायला! शेवटी त्यांना जाकीट चढवलं, टॉर्च घेतला आणि बाहेर नेलं. भोकातून उजेड टाकला तर तळाशी सगळे मासे एकाच बाजूला तोंड करून, पंख अंगाशी मिटून, ढिम्म.

"बघ," साडू म्हणाले.

"कल्ल्यांकडे बघा," मी म्हणालो.

बऱ्याच वेळाने एकाच्या कल्ल्याचं झाकण उघडलं आणि मिटलं. मग शेजारच्याचं. तेवढ्यात पापण्यांवर हिम धरायला लागलं म्हणून आत पळालो. आत आल्यावर साडू म्हणतात, "एवढ्याने काय सिद्ध होतं?" एप्रिलमध्ये सगळेच्या सगळे वर आले, तेव्हा मात्र बोलले नाहीत.

२०१७ साली ऑस्लो आणि लिव्हरपूल विद्यापीठांच्या संशोधकांनी गोल्डफिशच्या या चिवटपणामागची यंत्रणा उलगडली. ऑक्सिजन संपला की हे मासे अंगात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाऐवजी अल्कोहोल तयार करतात आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. मी ती बातमी साडूंना पाठवली. उत्तरात नुसता अंगठा आला.

म्हणजे मारते ती थंडी नव्हे. वरून बर्फाचं झाकण पक्कं बसतं, खाली पानं कुजतात, ऑक्सिजन संपतो आणि विषारी वायू कोंडतात, त्याने मरतात. पानगळीआधी तळ्यावर जाळी टाका, तळाचा गाळ काढा. पाणी ५० फॅरेनहाइटखाली गेलं की खाणं पूर्ण बंद. सासूबाई पोळीचे तुकडे टाकतात तसलं काही नको, त्या थंडीत ते माशांना पचत नाही.

हीटर कोणता? थर्मोस्टॅटवाला, तरंगता, कुठलाही चांगला घ्या. तळं तापवायचं नाहीये, एक भोक उघडं राहिलं की झालं. एअर पंप लावलात तर त्याचा बुडबुडे सोडणारा दगड तळाला टेकवू नका, अर्ध्या उंचीवर टांगा, नाहीतर खालचं उबदार पाणी ढवळून वर येतं. वीज गेली आणि भोक मिटलं तर गरम पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवून द्या, वितळू दे हळूहळू.

हां, हे सगळं साध्या गोल्डफिशचं, कॉमेट आणि शुबुंकिन या लांबट जातींचं. ओरांडा, रायुकिन असले गोलमटोल मासे असतील तर ते आत आणावेच लागतील, पण टबात कोंबून नव्हे. नको झाले म्हणून तलावात तर अजिबात सोडू नका. मिनेसोटातल्या बर्न्सव्हिलमध्ये २०२१ साली तसले सोडलेले मासे फुटबॉलएवढे झालेले निघाले होते. आणि तळं दोन फुटांहून उथळ असेल तर माझं ऐकू नका, ते तळापर्यंत गोठू शकतं, मासे आतच घ्या. ही सूट फक्त उथळ तळ्यांना. आमच्या साडूंचं तळं साडेतीन फूट खोल आहे, मी स्वतः टेप लावून मोजलंय.