पेटीशी सूर जुळत नाही, तरी मुलगा बरोबर वाजवतो आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही चोपडा तालुक्यातल्या एका गावात एकत्र कुटुंबात राहतो. माझा मुलगा सातवीत आहे. जुलै महिन्यात शाळेच्या बँडपथकात त्याची निवड झाली आणि सरांनी त्याच्या हाती क्लॅरनेट दिले. सुरुवातीला तो उड्या मारत घरी आला होता. आता चार महिने झाले, तरी निम्म्या वेळा त्यातून किंचाळल्यासारखा आवाज निघतो. माझे सासरे, म्हणजे आप्पा, भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी एकदा त्याला शेजारी बसवून सूर जुळवून पाहिला, तो जुळेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर ‘हा बेसूर वाजवतो’ असे सांगून टाकले. सासूबाई म्हणतात, ‘आपला पोऱ्या काय बँडवाला व्हई का?’ यजमानांना अभ्यासाची काळजी वाटते. २६ जानेवारीला पथकाला झेंडावंदनाच्या वेळी वाजवायचे आहे आणि मुलगा आता वाद्य शाळेतच ठेवून येतो, विचारले तर रडतो. मला स्वतःला संगीतातले काहीही कळत नाही. त्याला सोडू द्यावे का?

— एक आई

ताईंचे उत्तर

तुमच्या पत्रातली जी गोष्ट तुम्ही ओघात सांगून पुढे गेलात, तिथूनच मी सुरुवात करते, कारण माझ्या मते मुलाच्या रडण्याचे मूळ तिथेच आहे. आप्पांच्या पेटीशी त्याचा सूर जुळला नाही, हे खरे आहे. परंतु त्यात मुलाची चूक नाही आणि आप्पांच्या कानाचीही नाही. शाळेच्या पथकांत सामान्यतः जे क्लॅरनेट असते, ते ‘बी फ्लॅट’ जातीचे असते. अशा वाद्यावर मुलाने ‘सी’ म्हणून शिकलेला स्वर वाजवला, म्हणजे डाव्या हाताचा अंगठा मागच्या भोकावर आणि त्याच हाताची पहिली तीन बोटे पुढच्या भोकांवर ठेवून फुंकले, तर प्रत्यक्षात जो आवाज बाहेर येतो तो पेटीवरच्या पांढरी एकचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा नसतो (पेटीवर ‘सी’ तीच), तो काळी पाचचा, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा असतो. वाद्याची घडणच तशी आहे आणि ट्रम्पेटचेही तसेच आहे. आप्पांनी नातवाचा ‘सी’ ऐकण्यासाठी पांढरी एक दाबली असणार, आणि मग दोन स्वरांत पूर्ण एका स्वराचे अंतर पडले असणार. ज्या माणसाने आयुष्यभर भजनाला पेटीची साथ केली आहे, त्याच्या कानाला ते खुपणारच. सरांना वाद्याची जात एकदा विचारून खात्री करून घ्या आणि आप्पांना षड्ज काळी पाचवर धरायला सांगा. मुलाने खालच्या सप्तकातला तो एकच स्वर लांब धरला की दोघांचेही चेहरे बदललेले तुम्हाला दिसतील.

हे आप्पांना सांगताना त्यांचा मान राखावा, एवढी विनंती आहे. ‘तुमचे चुकले’ असे न म्हणता ‘सर म्हणतात की हे वाद्य काळी पाचचे आहे, आप्पा, तुम्हीच एकदा पाहा ना’ असे म्हणावे. तुमच्या घरात संगीत जाणणारे माणूस आहे, हे फार मोठे भाग्य आहे, आणि ते आज केवळ एका पट्टीच्या गोंधळामुळे मुलाच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले आहे.

आता त्या किंचाळण्याविषयी. क्लॅरनेट शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला काळ असाच जातो. बासरी थोडी जोराने फुंकली तर तोच स्वर वरच्या सप्तकात जातो आणि ऐकणाऱ्याला ते फारसे टोचत नाही. क्लॅरनेटचे तसे नाही. त्यात सूर उडी मारतो तेव्हा सा वरून थेट तारसप्तकातल्या पंचमावर जातो, आणि ही उडी मारण्यासाठी जी चावी असते ती डाव्या अंगठ्याच्या भोकाला अगदी लागून असते. सातवीतल्या मुलाचा अंगठा तो केवढा! तो जरासा वर सरकला, चावीला नकळत स्पर्श झाला, की शांत चाललेल्या सुरातून एकदम चित्कार बाहेर पडतो. दुसरे कारण म्हणजे अनामिकेखालचे भोक पुरते न झाकले जाणे. तिसरे म्हणजे सूर बिघडेल या भीतीने मुखनळी, म्हणजे वाद्याचा तोंडात धरायचा भाग, दातांत घट्ट आवळणे, आणि हे तिसरे कारण घरच्यांनी नाक मुरडले की वाढतच जाते, कारण घाबरलेले मूल आणखी आवळते. म्हणून चित्कार ऐकू आला की कोणीही ‘अरे!’ म्हणू नये, हसू नये, दार लावून घेऊ नये.

तुम्हाला संगीतातले कळत नाही, असे तुम्ही दोनदा लिहून एकदा खोडले आहे. कळण्याची गरज नाही. तुम्ही एक करा. तो वाजवून थांबला की त्याची बोटे पाहायला मागा. भोके नीट झाकली गेली असतील तर बोटांच्या पेरांवर भोकांचे गोल वळ उमटलेले असतात. ज्या बोटावर अर्धाच वळ असेल, किंवा मुळीच नसेल, ते बोट सरकलेले आहे. हे पाहायला सूर कळावा लागत नाही, डोळे पुरतात. मुलाला मात्र त्यातून समजते की आई आपल्या बाजूला बसून शोध घेते आहे, आपल्याला तपासत नाही. माझ्या अनुभवात घरच्या मदतीचा सर्वांत मोठा भाग हाच असतो, आणि महागडी शिकवणी लावणाऱ्या घरांतूनही नेमका तोच राहून जातो.

मी हे इतक्या आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. आम्ही भुसावळला राहत असताना माझा धाकटा भाऊ शाळेच्या पथकात ट्रम्पेट वाजवत असे. एका संध्याकाळी तो ओसरीवर बसून एकच सूर पुन्हा पुन्हा काढत होता आणि वडील, जे एरवी अतिशय मायाळू होते, कामावरून थकून आलेले असल्यामुळे ‘पुरे आता ते’ एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने वाद्य शाळेत परत केले. मी तिथेच बसले होते, त्याच्या बाजूने एक शब्द बोलू शकले असते आणि बोलले नाही. त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली, तरी ती ओसरी मला स्वच्छ दिसते.

सरावाचे म्हणाल तर रविवारी सलग दोन तास वाजवण्यापेक्षा रोज पंधरा ते वीस मिनिटे वाजवणे कितीतरी उपयोगाचे आहे. ओठांभोवतीचे स्नायू नवीन असतात, ते लवकर थकतात, आणि थकलेल्या ओठांनी केलेल्या सरावात चुकीच्या सवयीच पक्क्या होतात. पहिली पाच मिनिटे फक्त लांब सूर, श्वास पुरेल तितका; नंतर सरांनी दिलेल्या दोन ओळी, त्याही सावकाश; आणि शेवटी त्याच्या मनाला येईल ते. हे शेवटचे काढून घेऊ नका. वेळ रोज एकच ठेवा. यजमानांच्या काळजीलाही यात उत्तर आहे, कारण वीस मिनिटांनी कोणाचा अभ्यास बुडत नाही. उलट ‘अभ्यास झाला तरच वाद्य’ किंवा ‘गुण कमी पडले म्हणून वाद्य बंद’ अशी अट घातली, तर वाद्य ही शिक्षेची वस्तू होऊन बसते.

शाळेत जाऊन सरांना भेटा, आणि तक्रार घेऊन नव्हे तर तीन साधे प्रश्न घेऊन जा: या आठवड्यात त्याने कोणते स्वर पक्के करायचे आहेत, वाद्य घरी न्यायला परवानगी आहे का, आणि मुखनळी त्याची एकट्याची आहे की दोन मुलांत मिळून एक आहे. पुष्कळ शाळांत एकच वाद्य दोन मुले वाजवतात. तसे असेल तर निदान मुखनळी आणि रीड, म्हणजे तिच्यावर बांधतात ती वेळूच्या जातीची पातळ पट्टी, या दोन वस्तू त्याला स्वतःच्या घेऊन द्या. संपूर्ण वाद्य विकत घेण्याची घाई आत्ता मुळीच करू नका. रीड नवशिक्यासाठी मऊ असावी, दीड किंवा दोन क्रमांकाची, आणि दोन-तीन जवळ ठेवून आलटून पालटून वापरावी. वाजवण्यापूर्वी ती तोंडात धरून ओली करावी लागते. टोकाला जराशी चीर गेली तरी टाकून द्यावी. कित्येकदा महिनाभर ‘मुलाला जमत नाही’ असे म्हटले जाते, आणि फुटलेली रीड बदलताच पाच मिनिटांत सूर लागतो. वाद्य घरी येऊ दिले जात नसेल तर तेवढ्या मुखनळीवर एकसारखा सूर धरण्याचा सराव करता येतो, आणि बोटांचा सराव तर स्वयंपाकघरातल्या लाटण्यावरही होतो: स्वर तोंडाने म्हणायचा आणि बोटे लाटण्यावर ठेवायची.

वाजवण्याआधी चूळ भरायला सांगा, कारण चहा-गुळाचा चिकटपणा आत जाऊन चाव्यांच्या गाद्या, म्हणजे भोके झाकणाऱ्या मऊ चकत्या, चिकटतात. मुखनळी कोमट पाण्याने धुवावी, कढत पाण्याने कधीही नव्हे. वाजवून झाल्यावर आतून मऊ फडके ओढून ओल पुसावी. आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा! एप्रिल-मेमध्ये वाद्य पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहू देऊ नये. लाकडी असेल तर तडा जातो, रीडही वाकडी होते. थंडीत उलटे होते. गारठलेल्या वाद्याचा सूर उतरतो, म्हणून २६ जानेवारीच्या पहाटे मैदानावर उभे राहण्यापूर्वी त्याने वाद्यात पाच मिनिटे हळूहळू उबदार श्वास सोडावा. हे सरांनाही आठवण करून द्यायला हरकत नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, आणि तो मला हलका वाटत नाही. बँडवाला या शब्दामागे त्यांच्या मनात जे आहे ते त्यांनी एकटीने तयार केलेले नाही. आपल्या समाजाने वाजवण्याचे काम ठरावीक जातींच्या माथी मारले, त्यांच्या वाजवण्यावर आपली लग्ने लावली आणि पंगतीत मात्र त्यांना शेवटी बसवले. तमिळनाडूच्या ए. के. सी. नटराजन यांनी हेच क्लॅरनेट कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने वाजवले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे मुलाला अवश्य सांगा, त्याला बळ येईल. पण सासूबाईंचे मन दूरच्या पुरस्काराने वळेल, असे मला वाटत नाही. त्यांना जवळचे काही आठवून द्यावे लागेल. श्रावणात कानबाई देवीला निरोप देताना वाजंत्री वाजतात, तेव्हा त्या स्वतः त्या सुरांमागून चालल्या असतील. तुमचे लग्न झाले त्या दिवशी वरात बँडशिवाय दारापर्यंत आली नसेल. हे बोलणे तुमच्या यजमानांनी आपल्या आईशी करावे, तुम्ही एकट्याने नव्हे, आणि मुलगा समोर नसताना करावे. त्याच्या समोर त्याच्या वाद्याची जात काढली जाऊ नये, ही अट मात्र घरात स्पष्ट असावी.

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होईल. गावात किंवा चोपड्याला वरात निघेल तेव्हा मुलाला क्लॅरनेट वाजवणाऱ्याच्या अगदी जवळ न्या आणि त्याच्या बोटांकडे पाहायला सांगा. कागद समोर न ठेवता कानावर घेतलेली कितीतरी गाणी तो माणूस उभ्याने, चालता चालता, तासन्‌तास वाजवतो. वरात थांबली की चहा देऊन त्याच्याशी बोला, त्याला ‘मास्तर’ म्हणा, आणि आमच्या मुलाचा आवाज चित्कारतो, काय करावे, असे विचारा. तो जे दोन मिनिटांत दाखवील ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. शिवाय सैल झालेली चावी किंवा फाटलेली गादी दुरुस्त करून देणारा माणूसही बहुधा त्याच्याच ओळखीतला असतो.

तुमचा मूळ प्रश्न होता, त्याला सोडू द्यावे का. आत्ता नाही. २६ जानेवारीपर्यंत थांबा, तोवर वर लिहिलेले करून पाहा, आणि त्यानंतर त्याला शांतपणे विचारा. तेव्हाही तो नको म्हणाला, तर ते ‘नको’ त्याचे स्वतःचे असेल आणि ते मान्य करावे. आजचे ‘नको’ हे आप्पांच्या पांढरी एकचे आणि सासूबाईंच्या एका वाक्याचे आहे.

उद्याच शाळेतून वाद्य घरी आणायला सांगा. संध्याकाळी हरिपाठाआधी आप्पांनी पेटी उघडावी, पण पहिला स्वर त्यांनी देऊ नये. तो नातवाने द्यावा, आणि पेटीने काळी पाचवरून त्याच्या मागे यावे.